किड्यांनी पोखरलेलं कपाट

फ्लॅट आम्हाला मिळाला तो कपाटासकट. फ्रान्समधल्या कुठल्याशा शेतकऱ्याच्या घरातलं, खापरपणजोबांच्या काळातलं, अक्रोडाच्या लाकडाचं. दारांवर गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या, पुढचे पाय जरा तोकडे, उंची माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्याही वर हातभर. मालकीणबाई मिसेस लिम यांची अट होती: कपाट हलवायचं नाही, रंगवायचं नाही, त्याला भोक पाडायचं नाही.

भोकं त्यात आधीच शेकडो होती. किड्यांनी पाडलेली. अशा भोकांनी वस्तूचं मोल वाढतं, असं मिसेस लिमनी मला समजावून सांगितलं होतं.

चांगी बिझनेस पार्कात दिवसभर पांढऱ्याशुभ्र टेबलाशी बसणाऱ्या मंदारला ओरखडे आवडतात. "बघ ना, किती माणसांचे हात लागलेत याला," तो म्हणायचा. मी एकाच माणसाचे हात बघत होते. आमची लेक किमया अजून दोन वर्षांचीही नाही, पण कपाटाचं दार धरून लोंबकळायला शिकली होती. ती लोंबकळली की कपाट पुढे झुकायचं. किंचित. आम्ही दोघी घरी असतानाच.

"पट्टी लावून भिंतीला जखडू या का?"

"ॲग्रीमेंट वाचलंस ना? आणि इतकी वर्षं पडलं नाही ते."

"इतकी वर्षं किमया नव्हती."

मग मी कपाटाच्या तळाशी वजनाला तांदळाची पोती भरली. त्यांवर कणीक, आणि सासूबाईंनी पुण्याहून विमानानं आणलेला खलबत्ता.

मिसेस लिम पाहणीला आल्या, त्यांनी कपाटाचं दार उघडलं. हिंगाचा वास आला.

"आत तांदूळ?"

"शेतकऱ्याचं कपाट ना," मी म्हणाले.

त्यांनी जरा विचार केला आणि फोटो काढला.

चहा देताना मी विचारलं, "एवढं आवडीचं कपाट, स्वतःच्या घरी का नाही ठेवलंत?"

"कसं ठेवणार, लाह," त्या इथल्या लकबीत म्हणाल्या. "नातू आहे. सगळ्यावर चढतो. एकदा कपाट आलंच होतं अंगावर, माझ्या मुलानं झेललं."

मंदारचा कप तोंडाशी थांबला. मिसेस लिमनी चहात बिस्किट बुडवलं.

तेवढ्यात बिजागरी करकरली. किमया दाराला लटकली होती. आम्हा तिघांसमोर कपाट पुढे आलं, थबकलं, आणि मागे गेलं. मी तोवर तिला सोडवून कडेवर घेतलं होतं.

"तांदूळ कमी झालाय," मी म्हणाले. "महिनाअखेर आहे."

बिस्किट चहात पडलं. मिसेस लिम कपाटाकडे बघत राहिल्या, मग किमयाकडे.

"मागच्या बाजूला भोक पाडा एक," त्या म्हणाल्या. "बारीक. कुणी विचारलंच तर किड्यानं पाडलं म्हणा."

मंदार शेजाऱ्यांकडे ड्रिल मागायला उठला. "पट्टी आणि स्क्रू आणावे लागतील," तो दारातून म्हणाला.

मी पर्स उघडली. राहायला आलो त्या आठवड्यापासून पट्टी आणि स्क्रू तिथेच होते.