समासातले नाव

माझ्या बेचाळिसाव्या पानात एक पत्र होते. दोन वर्षे त्याला उत्तर गेले नाही. मित्रांनो, मी एक जुनी शब्दांची वही आहे आणि त्या गप्प बसण्यात माझाही वाटा आहे.

माझे मालक रामहरी मास्तर नांदूरघाटला राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला बीडहून आणले. त्यांच्या पत्नी छबुबाईंनी जुन्या हिरव्या लुगड्याचे कव्हर शिवले. एका पानावर एकच शब्द. शब्दाचा प्रवास शाईने, आणि ज्याने सांगितला त्याचे नाव समासात पेन्सिलीने. ग्रंथ असो की माणूस, हा नेम.

बेचाळिसाव्या पानावर 'गरीब' होता. अरबीत गरीब म्हणजे परका. फारसीत घरापासून दूर पडलेला. तुर्कीत विचित्र. उर्दूत, हिंदीत आणि आपल्याकडे निर्धन. एवढे लिहून मास्तर थांबले होते. मग एकदा माळावर, गावात गुरे राखणाऱ्या ताराबाईंची काळी गाय आडवी आली आणि मास्तर चार पावले मागे सरले.

"भिऊ नका मास्तर, लई गरीब हाय ती. पोरं शिंगाला लोंबकळत्यात तिच्या."

मास्तर तिथेच दगडावर बसले. हा अर्थ लिहून त्यांनी सगळे पान ताराबाईंना वाचून दाखवले. त्या हसल्या. "म्हंजी मुलूखभर परका म्हणून हिंडला, आन आमच्या दावणीला येऊन शांत झाला म्हणा की!"

ते वाक्यही माझ्यात उतरले. समासात नाव : ताराबाई.

पुढे मास्तरांनी एका दिवाळी अंकाला लेख पाठवला. त्यात ग्रंथांची नावे होती. ताराबाईंचे वाक्य होते, नाव नव्हते. गुरांमागच्या बाईचा दाखला दिला तर विद्वान हसतील, अशी त्यांना धास्ती वाटली. कौतुकाची पत्रे आली. सगळ्यांना तेच वाक्य आवडले होते. ती पत्रे माझ्यात ठेवली गेली, मी जाडजूड झाले. खरे सांगते, तेव्हा मला बरे वाटत होते.

मग बीडला नोकरी करणाऱ्या अंजूचे, ताराबाईंच्या लेकीचे, पत्र आले. 'आईला लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, वाक्य तर माझं हाय, मग नाव कावून न्हाई? मास्तरांना इचार.'

मास्तरांनी कितीदा उत्तर लिहायला घेतले आणि फाडले. छबुबाई म्हणाल्या, "आवो, पोरीला उत्तर देताय का तिच्या पत्राचीबी व्युत्पत्ती काढताय?" पत्र माझ्यात मिटले. त्याच्या घासण्याने समासातली पेन्सिल पुसट होत गेली. नाव जपणे एवढेच तर माझे काम होते.

परवा बाजारात ताराबाईच समोर आल्या. "मास्तर, वही आणली का? नवा शब्द हाय."

"विसरलो," मास्तर म्हणाले.

मी पिशवीतच होते. माझे हिरवे कव्हर बाहेर डोकावत होते. ताराबाईंनी ते पाहिले. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाल्या आणि शब्द न सांगताच गेल्या.

घरी येताच मास्तरांनी समासातले नाव शाईने गिरवले, ब्लेडने ते पान कापले आणि सोबत चिठ्ठी लिहिली. 'अंजू, वाक्य तुझ्या आईचे. मी भित्रेपणाने नाव गाळले. संपादकांनाही कळवतो आहे. आईला हे पान दाखव. त्या रागावल्या असतील, तर ते बरोबरच आहे.'

मित्रांनो, वह्यांना कव्हरे जरूर घाला. पण समासही जपा. तिथे माणसे असतात.

माझ्या पुढच्या कोऱ्या पानावर मास्तरांनी समासात आधीच शाईने लिहिले : ताराबाई. शब्दाची जागा रिकामी आहे. मग मला पिशवीत घेऊन ते पोस्टाच्या लाल पेटीपाशी गेले. पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. आणि पाकीट आत पडले.