हौदावरचा आकडा

गेल्या वर्षी आमच्या केळीची तीन हजार रोपं मुळं कुजून मेली. रोप मेलं की गावाला कारण लागतं. ते मी होते. ठिबकच्या हौदात मूळकुजीवरचं औषध मीच टाकलं होतं ना! "सविताच्या हाताला यश नाही," असं सासूबाई एकदा बोलल्या आणि ते तापीपलीकडे जैनाबादेपर्यंत पोचलं.

आमच्यात पहिलं रोप घरातली मोठी सून लावते. मोठी सून मी आहे. यंदा मात्र सासूबाईंनी ठरवलं, हळदीकुंकवाचं ताट धाकट्या जावेला, रंजिताला द्यायचं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. डोळे पुसले आणि औषधाची जुनी बाटली हुडकून काढली.

बाटलीवर छापलं होतं: हजार लिटर पाण्याला शंभर मिली. आमच्या हौदावर सासऱ्यांनी, हिरामण नानांनी, ऑइलपेंटने स्वतः लिहिलंय: १८०० लिटर. म्हणून मी एकशे ऐंशी मिली टाकलं होतं, मापून. मग रोपं मेली कशी?

मी घरी शिलाई करते. गळ्यातला टेप घेतला आणि रिकाम्या हौदात उतरले. लांबी चार मीटर, रुंदी तीन, खोली बरोबर एक टेप, म्हणजे दीड. झाले अठरा घनमीटर. नानांनी त्याला शंभराने गुणलं होतं, गुणायचं होतं हजाराने. तेव्हा घरात शिकलेले, सातवी पास, ते एकटेच, त्यामुळे त्या आकड्यावर वीस वर्षं कुणी शंका घेतली नाही. दहावी पास होऊन मीही नाही. तेवढी चूक माझी.

तोंडाने सांगून नाना ऐकणारे नव्हेत. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी दहा सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच पेटी केली आणि आत प्लास्टिकची पिशवी बसवली. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलेले असताना अर्ध्या लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्या तिच्यात ओतल्या. पेटी काठोकाठ भरली.

"दूध कायले नासतं वं?" सासूबाई ओरडल्या.

"चहा होईन त्याचा, आई. नाना, हे एक लिटर. अशा पेट्या एका मीटरात किती बसतीन?"

"दहा."

"अन् रुंदीत?"

"दहाच. म्हणजे शंभर झाल्या. मंग तेच तर लिहेल आहे मी!" नाना खूश झाले.

"तो तळ झाला, नाना. वर एक मीटर हौद रिकामाच ठेवता का?"

नानांनी पेटीकडे पाहिलं. तिच्यावर हवेतच एकेक थर ठेवत त्यांचा हात वर गेला. दहाव्या थराला थांबला.

"हजार," ते पुटपुटले. "अठरा हजार लिटरचा हौद आहे आपला."

"अन् औषध पडलं दहावा हिस्सा."

त्या दुधाचा चहा करायचं कुणाला आठवलं नाही.

लावणीच्या सकाळी हौदावर एक जास्तीचं शून्य होतं, ओलं, जरा वाकडं. नानांच्या अंगठ्याला तोच रंग लागलेला. त्यांनी सासूबाईंच्या हातातलं ताट घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"रोपं माह्या आकड्यानं मेली," ते सासूबाईंना म्हणाले. "सविताच्या हातानं नाही. आता हे बी जैनाबादेपर्यंत सांग."