शकुबाईची फिरती पंगत

मी छोटा हत्ती बोलतोय. दचकू नका, मला सोंड नाही. चार चाकं आहेत, त्यातलं एक कायम कुरकुरतं. माल वाहणाऱ्या आम्हा छोट्या गाड्यांना सगळे याच नावानं ओळखतात. हिंगणघाटात सहा वर्षं मी सरकीची ढेप वाहिली. एकदा सात बकऱ्याही नेल्या. त्यांनी माझ्यात काय काय केलं, ते खाण्यापिण्याच्या गोष्टीत सांगणं बरं दिसत नाही.

मग मला रूपराव नावाच्या शेतकऱ्यानं घेतलं. त्यांची बायको शकुबाई. तिच्या हातचा गोळाभात म्हणजे काय सांगू! मोकळा भात, त्यात डाळीचे गोळे, वरून लसणाच्या फोडणीचं चरचरीत तेल. "नागपुरात लोक गाडीवरचं खाते म्हणते," ती म्हणाली, "मंग आपला गोळाभात काऊन नाई खाणार?" वेल्डरनं माझी कूस कापून खिडकी केली. दुखलं हो! पण आत शेगड्या आल्या, बाहेर रंग लागला आणि मी स्वतःला नवरदेव समजू लागलो.

रूपरावांची अट एकच. "महिनाभर पाह्यतो. नाई चाललं तर गाडी मोमोवाल्याले देऊन टाकीन." या मोमोवाल्याचं नाव भूपेंद्र. त्याची माझ्यावर केव्हाची नजर होती. मोमोशी माझं वैर नाही. पण शकुबाईला सोडून जन्मभर कोबीच्या वाफेत उभं राहायचं, या विचारानंच माझं इंजिन गार पडायचं.

रोज सकाळी बुटीबोरी ओलांडून आम्ही नागपुरात शिरायचो, आज हा भाग तर उद्या तो. पण शकुबाईची एक खोड होती. कोणाला उभ्यानं खाऊच द्यायची नाही! "उभ्यानं ढोरं खाते. बसा बरं." मग फूटपाथवर सतरंजी, हात धुवायला तांब्या आणि मगच ताट. वर आग्रह. "एवढुसाच खाल्ला? अजून एक गोळा घ्या न!"

बर्डीच्या गर्दीत बसायला कोणाला सवड? एक बाई तेवढी थांबली आणि सतरंजीचाच भाव विचारून गेली. धरमपेठेत कॉलेजची पोरं बसली, पण ताटाचे फोटो काढता काढता भात गार झाला. एका पोराची पँट इतकी घट्ट की त्याला उठवायला दोन मित्र लागले. इतवारीतले दुकानदार गल्ला सोडून हलेनात. महालातले एक आजोबा मात्र खरे दर्दी. "बाई, बसतो मी," ते म्हणाले, "पण मग उठवायला नातवाले बोलवा लागल." शेवटी ते माझ्या पायरीवर टेकले आणि चार गोळे हाणून गेले. मी तीन दिवस त्या पायरीच्या तोऱ्यात होतो.

रूपराव मात्र कावले. "लोकायले बसवून बसवून तू धंदा बसवशील, शकू!"

"बसू द्या. पण आपल्या दारात माणूस उभ्यानं नाई जेवणार."

झालं. महिना भरला. सौदा ठरला. भूपेंद्रचं दुकान मेडिकल चौकात, म्हणून त्या दिवशी मला तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या भिंतीशी लावलं. "रांधलेलं वाया कशाले घालवू," एवढंच शकुबाई म्हणाली आणि तिनं सतरंजी अंथरली.

भिंतीलगत पेशंटांचे नातेवाईक होते. खेड्यापाड्यांतली माणसं, काखेत गाठोडी, हातात बिस्किटाचा पुडा. शकुबाईनं तोंड उघडायच्या आत त्यांनी चपला काढल्या, हात धुतले आणि मांडी घालून ओळीनं बसले. नाचणगावचा एक जण म्हणाला, "चार दिवस झाले माय, बसून जेवलो नाई. बायको वर भरती हाय." शकुबाईनं त्याच्या ताटात दोन गोळे जास्तीचे टाकले. 'नको' कोणीच म्हणालं नाही. मला असं भरून आलं की वायपर आपोआप हलला. रूपरावांना वाटलं, वायर ढिली झाली.

तेवढ्यात भूपेंद्र आला, पांढरेशुभ्र बूट घालून. "काका, चावी द्या."

"पंगत बसली हाय," शकुबाई म्हणाली. "पंगत उठल्याबिगर सौदा-बिदा नाई. बूट काढजो आन् हे बादली धरजो."

आमच्याकडे बसल्या पंगतीत वाढायला कोणी नाही म्हणत नाही. भूपेंद्रनं बूट काढले. पहिल्या फेरीत तो गुपचूप वाढत होता. दुसऱ्या फेरीत त्याचाच आवाज ऐकू यायला लागला, "काका, घ्या न एक! लाजू नका!" पुढच्या पंगतीला तो स्वतः बसला आणि त्या नाचणगाववाल्यानं त्याला आग्रह करकरून वाढलं.

जेवण झालं. भूपेंद्रनं हात धुतले. रूपरावांनी जड हातानं चावी पुढे केली. मी तर डोळे, म्हणजे दिवे, मिटून घेतले होते.

"चावी राहू द्या," भूपेंद्र म्हणाला. "उद्या पंगत किती वाजता हाय?"

तेव्हापासून मी रोज अकराला या भिंतीशी उभा असतो. रंग उडालाय, कुरकुरणाऱ्या चाकाला आता जोडीदार मिळालाय, पण माझं बरं चाललंय. तुम्ही कधी या बाजूला आलात तर जेवायला याच, असा हट्ट मी धरणार नाही. इथं आधीच गर्दी फार. पण तासभर मोकळे असाल, तर वाढायला या.