रंभाचं बाहेर बसणं

धाऊने करपलेल्या भाकरीची पितळी पडवीच्या टोकाला ठेवली आणि मागे सरला. पलीकडे घोंगडीवर बसलेल्या रंभाने हात लांबवून ती ओढून घेतली.

“एक बाजू चुलीलाच वाहिलीत वाटतं,” ती म्हणाली.

“खा गो गुमान. म्हातारपणी बायको तरणी झाली, मग चूल माझ्याच गळ्यात येनार.”

धाकट्या लेकीच्या लग्नाच्या साली रंभाची पाळी गेली होती. सन बेचाळीसच्या उन्हाळ्यात ती पुन्हा बाहेर बसू लागली. धाऊने आधी थट्टा केली. पण महिन्यातून दोन-दोनदा ती पडवीत दिसू लागली, तेव्हा त्याची थट्टा थांबली. लाज गिळून तो मुरबाडला गेला आणि बाजाराच्या दिवशी कल्याणहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारून आला. गेलेली पाळी अशी परतत नसते, त्या म्हणाल्या. पिशवीतलं थोडं खरवडून मुंबईला भिंगाखाली बघायला पाठवावं लागेल. वाईट गाठ असली, तर वेळेत काढता येईल.

तेव्हापासून बैल कितीदा जुंपले नि तसेच सोडले. अंगावर जात असलं की रंभा म्हणे, विटाळात बाईंना कशी शिवू? आणि थांबलं की म्हणे, आता मला काय धाड भरलीय? बाई हट्टाला पेटली की पेटली.

आजही गाडी दारात उभी होती.

“थांबू दे. मग जाऊ,” रंभा म्हणाली.

धाऊ सरळ तिच्यापाशी गेला, तिचा तांब्या उचलला आणि तोंड लावून घटाघटा प्यायला. कुंपणापलीकडची शेजारीण गोजर हातातलं सूप धरून बघतच राहिली.

“ह्ये काय केलंत? उद्या गावदेवीचा नारळ तुमच्या हातचा,” रंभा म्हणाली.

“फोडील कोनीतरी. आता मी पन बाहेरचा. ऊठ.”

वैशाखरे गाव मागे पडलं तरी ती त्याच्यापासून लांब, गाडीच्या मागच्या कडेलाच बसली होती.

“मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं,” ती अखेर म्हणाली. “हा विटाळ नाय. पाळीला असा वास नसतो.”

“मग बाहेर का बसायचीस?”

“तुमाला वास यायला नको म्हणून.”

बैलांना वाट ठाऊक होती. धाऊने कासरा सैल सोडला आणि मागे जाऊन तिला चिकटून बसला.