माशांचा वाफा

पोकलेन चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं नाही. भराव असो नाहीतर खड्डा, काम संपलं की बकेटच्या पाठीने वरून चार-पाचदा चोपायचं आणि जमीन अशी करून सोडायची की वर गादी टाकून झोपावं. त्यामुळे माशांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी ‘दादा, चोपायचं नाही’ म्हटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

नदीवर पूल होत होता. त्याचे दोन खांब नेमके गोट्यांच्या ज्या उथळ पट्ट्यात आले, तिथे दर हिवाळ्यात मासे अंडी घालायला वर चढून येत. मादी शेपटीने गोटे उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा गोटे ओढून झाकते. त्याला घरटंच म्हणतात, हे मलाही तेव्हाच कळलं. जुन्या पट्ट्यात अशी साठ घरटी मोजली होती. खांब काही हलणार नव्हते, म्हणून परवानगी मिळाली ती अटीवर: नदीच्या शेजारच्या फाट्यात नवा पट्टा करून द्यायचा आणि तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत तिथे साठ घरटी दाखवायची. बाई त्या पट्ट्याला वाफा म्हणायच्या.

कंपनीच्या साहेबांना हा उद्योगच मान्य नव्हता. टाकीत पिल्लं वाढवा, टँकरने आणून नदीत ओता, फोटो काढा, विषय संपला, असं त्यांचं मत. कंपनीचे पुढे आणखी चार पूल होते. वाफा जमला तर तिथेही वाफे, फसला तर चारही ठिकाणी टाक्या. बाईंना निवृत्त व्हायला चार वर्षं उरली होती आणि अख्ख्या नोकरीत त्यांच्या पद्धतीला मिळालेली ही पहिली संधी होती.

आम्ही त्यांना मागून चाळणीबाई म्हणायचो. गुडघाभर गार पाण्यात उभ्या राहून हातातल्या चाळणीने गोटे तपासायच्या. फोडलेल्या खडीचे तीन ट्रक त्यांनी दारातूनच परत पाठवले. मी कुरकुरलो तर एक खडा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “गालावर घासा. टोचतो ना? मग तिच्या पोटाला नाही टोचणार?” त्या संध्याकाळी घरी मी हे तीनदा सांगितलं.

पण चोपण्याचं मला पटलं नाही ते नाहीच. ओबडधोबड काम सोडून घरी जायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. बाई पाचच्या गाडीने गेल्या की मी दिवसभराचा तुकडा गुपचूप चोपून टाकायचो, हलक्या हाताने, दिसणार नाही असा. फक्त शेवटच्या दिवशी बाईंनी मला एकच ढीग तीनदा उपसायला लावला, तेव्हा मी इतका वैतागलो की वरच्या टोकाला गोटे तसेच ओतले आणि मशीन बंद करून चालता झालो.

पहिल्या हिवाळ्यात सात घरटी झाली, दुसऱ्यात तीस. तिसऱ्या हिवाळ्यात बासष्ट. साहेब स्वतः साइटवर आले, हात मिळवला, “अट पूर्ण झाली, सुटलो एकदाचे,” म्हणाले. बाई मात्र पाण्यातून बाहेर येईनात. मला म्हणाल्या, “दादा, अंडी ठेवून बघायची ती पांढरी पाटी आणता?”

वरच्या टोकाचं एक घरटं त्यांनी बोटांनी हळूच उघडलं. नारिंगी अंडी आणि प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. “डोळे आहेत ते,” बाई म्हणाल्या. ती पुन्हा झाकून आम्ही खाली आलो. तिथली अंडी चुन्याच्या खड्यांसारखी पांढरी. दुसरं घरटं उघडलं, तिसरं उघडलं, सगळीकडे तेच.

“मेली आहेत,” त्या म्हणाल्या. “गोटे आवळून बसलेत. आत पाणी खेळत नाही, अंडी गुदमरली. माझं मापच चुकलं.”

माझ्या हातात पाटी होती. ती खाली ठेवावी हेही मला सुचेना.

काठावरून साहेब म्हणाले, “बाई, अट घरट्यांची आहे. अंड्यांबद्दल कुणी विचारलेलं नाही.”

“मासे अट वाचून अंडी घालत नाहीत, साहेब.”

“म्हणजे तुमचा वाफा फसला असं तुम्हीच लिहून देणार? मग पुढे टाक्याच होतील.”

“जे दिसलं ते लिहीन,” बाई म्हणाल्या. माघार घेतली नाही. गप्प बसल्या असत्या तर सगळं त्यांच्या मनासारखं झालं असतं. इतकं सरळ माणूस मी कामावर पाहिलेलं नाही.

घरी आलो तर बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तोंड पाहूनच म्हणाली, “काय करून आलात?”

मी सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली. “म्हणजे त्या बाई तुमचा दोष आपल्या डोक्यावर घेतायत.”

“कंपनी मला हाकलेल.”

“हाकलेल कदाचित. पण बाईंचं काय? आपलंच चुकलं असं समजून त्या घरी बसणार का?” एवढं बोलून तिने पुन्हा इस्त्री उचलली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी आठ वाजता मी बाईंच्या पत्र्याच्या ऑफिसात गेलो. बसलोही नाही. “बाई, माप बरोबर होतं. खालचा सगळा भाग मी चोपला. तुम्ही गेल्यावर, रोज. वरचा तेवढा राहिला.”

मला वाटलं, आता बाई सालटं काढणार. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला आणि तपासलेल्या घरट्यांच्या खुणा असलेला नकाशा पुढ्यात ओढला. “कुठपर्यंत चोपलंत? नक्की दाखवा.”

मी बोट ठेवलं, बाईंनी तिथे रेघ ओढली. मेलेली घरटी रेघेच्या अलीकडे होती, जिवंत पलीकडे. एकही इकडची तिकडे नाही. बाईंनी ते दोनदा मोजलं.

“मी चोपू नका म्हणाले,” त्या म्हणाल्या, “पण का ते सांगितलं नाही. तुमच्यासारख्या हाताच्या माणसाला कारण सांगायला हवं होतं.” आणि अहवालात त्यांनी तसं लिहिलंसुद्धा, स्वतःचा दोष म्हणून. माझंही लिहिलं, स्वतःहून येऊन सांगितलं या शब्दांसकट. साहेब दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. पण पुढच्या पुलांच्या कागदावर टाक्या आल्या नाहीत, वाफे आले.

पिल्लं गोट्यांतून बाहेर पडून गेल्यावर मी खालचा भाग उकरला आणि पुन्हा भरला. शेवटच्या दिवशी बायको डबा घेऊन आली. उंचसखल पसरलेले गोटे पाहून म्हणाली, “अहो, हे असंच सोडणार?”

बाई तेव्हा शहरात मीटिंगला होत्या. काठावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू.

“असंच,” म्हणालो, आणि बकेट वर उचलून, बाजूला वळवून मशीन बंद केली.