मेणताईंचा अर्ज

मित्रांनो, मी एका मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरचा जुना मायक्रोस्कोप आहे. इतरांना डोळे लावायची एकच जागा असते, मला दोन आहेत. एकीकडे शिकवणारा बसतो, समोर शिकणारा, आणि दोघांना एकाच वेळी एकच काच दिसते. नखाएवढ्या तुकड्यातली पेशी न् पेशी मी वेगळी करून दाखवतो. माणसांच्या कागदांचं मात्र मला आजवर काही उमगलेलं नाही, आणि ही हकीकत तर सगळी कागदांचीच आहे. तेव्हा मधेच मी गोंधळलो, तर सांभाळून घ्या.

माझ्या पाठीवर पत्र्याची एक पट्टी आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘कर्करोग संशोधन प्रशिक्षण अनुदानातून’. कित्येक वर्षं मला वाटे, अनुदान हे मला इथे पाठवणाऱ्या कुणा गृहस्थाचं नाव असावं. ते एकदा भेटायला येतील म्हणून मी वाटही पाहिली.

विभाग मोठ्या मॅडमचा होता. दर तीन वर्षांनी त्यांच्यासमोर नवा शिकाऊ डॉक्टर येऊन बसे. चांगली पेशी कोणती, बिघडलेली कोणती, हे मॅडम न कंटाळता दाखवत. आणि ज्याला नीट दिसू लागे तो नेमका निघून जाई. कुणाला मोठं इस्पितळ मिळे, कुणाला परदेश. मॅडम पेढे वाटत आणि चष्मा पुसत बसत. त्यांना आनंद होई की वाईट वाटे, मला कधीच ठरवता आलं नाही.

पुढे ते अनुदान बंद झालं. शेजारच्या खोलीत संगणकाचे मोठे पडदे आले, सगळे तिकडे गेले. मॅडम तेवढ्या माझ्याकडे येत. समोरची खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्यावर जुन्या फायली चढल्या.

त्या फायली खाली ठेवल्या मेणताईंनी.

मेणताई म्हणजे तुकड्यांचे काप करणाऱ्या बाई. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, पात्यावर त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, कोमट पाण्याच्या पसरट भांड्यावर तो तरंगत ठेवायचा आणि अलगद काचेवर उचलून घ्यायचा. चौदा वर्षं त्या हेच करत होत्या. काचा माझ्याकडे येत, मेणताई मात्र कधी येत नसत. पण एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या फायली उचलून समोर बसल्या आणि मॅडमना म्हणाल्या, “मी कापते ते शेवटी दिसतं तरी कसं, एकदा बघू का?”

“बघ की,” मॅडम म्हणाल्या. “विचारायला चौदा वर्षं लागली होय गं तुला?”

तेव्हापासून रोज डबा खाऊन झाला की त्या वीस मिनिटं बसू लागल्या.

एका दुपारी एका शाळामास्तरांच्या पोटातला तुकडा आला. मॅडमनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कडेला बिघडलेल्या पेशींचा एक लहानसा पुंजका होता. त्या अहवाल लिहायला बसल्या. मेणताई बराच वेळ माझं चक्र मागेपुढे फिरवत राहिल्या.

“मॅडम, हा पुंजका ह्या माणसाचा वाटत नाही.”

“म्हणजे?”

“बघा ना. मास्तरांचा तुकडा स्पष्ट केला की हा धूसर होतो, हा स्पष्ट केला की तुकडा धूसर. हा वर येऊन बसलाय. माझ्या पाण्यातून आलाय.” त्यांनी चक्रावरून हात काढला. “सकाळी घाई होती. आधीच्या ठोकळ्यानंतर पाण्यावर उरलेले कण टिपायला कागद फिरवायचा राहिला. चूक माझी आहे.”

 मॅडमनी त्याच ठोकळ्याचे नवे काप मागवले, एक नाही, दहा. दहाही काचा स्वच्छ होत्या. आणि तो पुंजका सकाळी त्याआधी कापलेल्या ठोकळ्याशी तंतोतंत जुळला. मास्तरांना कर्करोग नव्हता. ते आपले बाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

मला वाटलं, आता मेणताईंची खैर नाही. चूक कबूल केली की माणसं ओरडतात, एवढं मी पाहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, “तू अर्ज करायचा.”

“कसला? बदलीचा?”

“संशोधनाचा. प्रशिक्षण अनुदान पुन्हा सुरू झालंय. अशा पाहुण्या पेशी किती काचांवर येतात, कशा ओळखायच्या, हे कुणीतरी मोजायला हवं. ते तुझ्याइतकं कुणाला कळणार?”

मग तो अर्ज आला. बावीस पानी. पस्तीसच्या आत वय हवं होतं, मेणताई त्रेचाळीसच्या. खाली बारीक अक्षरात होतं की विशेष बाब म्हणून अट शिथिल होऊ शकेल. एका रकान्यात विचारलं होतं, ‘कारकिर्दीची दिशा’. मेणताईंनी पेनाचं टोपण चावत विचारलं, “दिशा म्हणजे काय लिहू? मी तर चौदा वर्षं एकाच भिंतीकडे तोंड करून बसलेय.” मॅडम खो खो हसल्या. मलाही तो प्रश्न बरोबरच वाटला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. ‘आपल्या प्रस्तावाची शिफारस करण्यात आली आहे, तथापि सद्यःस्थितीत निवड होऊ शकलेली नाही.’ मॅडमनी ते तीनदा वाचलं. पडद्याच्या खोलीतला तरुण डॉक्टर म्हणाला, “हे ‘हो’ आहे.” मॅडम म्हणाल्या, “हे ‘नाही’ आहे.” मेणताई म्हणाल्या, “मी कापायला जाते, ठोकळे खोळंबलेत.”

मग मॅडम निवृत्त झाल्या, आणि पंधराच दिवसांत दुसरं पत्र थडकलं. पहिला उमेदवार दुसरीकडे गेला होता. जागा मेणताईंची. पण मार्गदर्शक सेवेत असलेला हवा, आणि मेणताईंनी आपली कायमची नोकरी सोडायला हवी. अनुदान तीन वर्षांचं. त्यापुढचं पत्रात काहीच नव्हतं.

मार्गदर्शक म्हणून तरुण डॉक्टरने सही केली. दुसरी अट राहिली. त्या दिवशी मेणताई नवऱ्याला घेऊन आल्या. ते शिंपी. खांद्यावर टेप तसाच होता. त्यांनी माझ्यात डोळा लावला आणि गुलाबी-जांभळी नक्षी बराच वेळ पाहिली.

“असं कापड गिऱ्हाईकाने आणलं असतं, तर मी परत केलं असतं,” ते म्हणाले.

“अहो, चेष्टा नको. काय करू ते सांगा.”

“मला काय कळतंय त्यातलं? कायमची नोकरी सोडून तीन वर्षं शिकायचं, मग पुढे काय ते कुणालाच ठाऊक नाही. डोकं चालत नाही माझं.” त्यांनी टेप काढून हाताभोवती गुंडाळला. “पण चौदा वर्षांत तू घरी येऊन कामाचं कधी बोलली नाहीस. ह्या वर्षभरात दुसरं काही बोलत नाहीस. सोडून दे नोकरी. मशीन आहे आपलं, चालेल.”

मेणताईंनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या, तर पहारेकऱ्याने दारातच अडवलं. जुना पास रद्द, नवा झालेला नव्हता. “काल होता तुम्ही इथल्या,” तो म्हणाला, “आज कुठल्या ते लिहून आणा.” नवा पास होईपर्यंत दोन तास त्या जिन्यात बसल्या. त्यांच्या जागी कुणी नेमलेलं नव्हतं, म्हणून सकाळी त्या काप करत आणि दुपारी शिकत. मार्गदर्शक वयाने धाकटा. तो पेशींची नावं सांगे, त्या पाण्याची, पात्याची आणि मेणाची गोष्ट सांगत. मी मधे उभा. शिकवतंय कोण, शिकतंय कोण, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अडीच वर्षांत त्यांनी सहा हजार काचा पाहिल्या. पाहुण्या पेशी ओळखायची त्यांनी केलेली खूणपत्रिका आता चार इस्पितळांच्या भिंतींवर लागली आहे. काप करायला नव्या बाई आल्या आहेत. नवरा गेल्यावर कामाला लागलेल्या, चाळिशीच्या, फार न बोलणाऱ्या. अनुदान संपायला सहा महिने उरले, पुढचं अजूनही कुणाला माहीत नाही. गेल्या आठवड्यात मेणताई नवा अर्ज घेऊन माझ्यापाशी बसल्या. ह्या वेळी रकाना वेगळा होता: ‘आपल्या हाताखाली कोण शिकणार?’

त्यांनी नव्या बाईंना हाक मारली. “तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“कशाला?”

“शिकायला.”

“मला नाही जमायचं, ताई. माझं वय बघा की.”

“वयाचा रकाना कसा भरायचा ते मी सांगते,” मेणताई म्हणाल्या. “आधी नाव सांगा.”

मित्रांनो, आता माझं एक चक्र अडखळतं आणि माझ्या भिंगाच्या कडेला बुरशीचा डाग धरलाय. मऊ कागदाने कुणी पुसलं, तर अजून काही वर्षं निघतील. पण त्याहून एक मागणं आहे. तुमच्या शेजारी बसून जो तीच काच पाहतो आणि तुमच्यापेक्षा वेगळं सांगतो, त्याची पदवी आणि वय विचारण्याआधी, त्याला काय दिसलं ते विचारा.

त्या बाईंनी अजून नाव सांगितलेलं नाही. पण त्या गेल्याही नाहीत. ओले हात पदराला पुसत त्या खुर्चीमागे उभ्या आहेत.