तिसऱ्या प्रकरणाची लाज

मित्रांनो, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, खालच्या फळीवर पडलेला जुना प्रबंध म्हणजे मीच. माझी कहाणी सांगताना आजही मान वर होत नाही.

एका प्राध्यापकांनी मला विहिरींच्या पाण्यावर लिहिले. बांधणीवाल्याने निळे कापड चढवले, पाठीवर सोनेरी अक्षरे उमटवली. परीक्षक म्हणाले, "तिसरं प्रकरण म्हणजे नुसतं सोनं आहे!" या माझ्या मालकांना पदवी मिळाली, मागोमाग बढतीही. मी काचेच्या कपाटात ऐटीत उभा राहिलो. तिसरे प्रकरण जसेच्या तसे दुसरीकडून उचललेले होते, हे मला ठाऊक होते. पण कौतुक कोणाला नको असते? मी मिठाची गुळणी धरून बसलो.

एके दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांनी अकरा वर्षे चाळीस विहिरींची पातळी मोजून एका छोट्या नियतकालिकात लेख लिहिला होता. आपल्या विषयावर आणखी कोणीतरी काम केले, याचाच त्यांना आनंद झाला होता. तिसऱ्या प्रकरणात मात्र त्यांचे बोट थबकले. त्यांनी ग्रंथपालबाईंना हाक मारली.

"जरा हे वाचता?"

ग्रंथपालबाई वाचू लागल्या, "'मोजणीच्या सातव्या वर्षी माझा पाय मोडल्याने नोंदी धाकट्या बहिणीने घेतल्या.' अहो, पण सरांना तर बहीणच नाही!"

"मला होती," शिक्षिका म्हणाल्या. "भर उन्हात चाळीस विहिरी हिंडायची. आता नाही ती. लेखाखाली मी तिचं नाव छापलं होतं. तेवढंच गाळलंय यांनी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

चौकशी बसली. "घाईत संदर्भ द्यायचा राहिला," मालक म्हणाले. पण बहिणीचे ते एक वाक्य पुढे ठेवताच त्यांनी चोरी कबूल केली. पदवी गेली. माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला.

काही दिवसांनी मालक शिक्षिकांना भेटले. "बाई, मला माफ करा."

"माझं राहू द्या. तिचं नाव लिहा."

ग्रंथपालबाईंच्या परवानगीने त्यांनी माझ्या पानावर दोघी बहिणींची नावे लिहिली.

मित्रांनो, दुसऱ्यांचे ज्ञान खुशाल घ्या. त्याशिवाय कोणाचेच पान हलत नाही. पण ज्याचे घ्याल, त्याचे नाव आधी लिहा. कोणीतरी त्यासाठी उन्हातान्हात हिंडलेले असते.